व्हय म्हाराजा म्हणायला जागा ठेवा: इंटरव्ह्यूत आणि माईकसमोर बोलायचं कसं

"ताई, परवा इंटरव्ह्यू आहे, इंग्लिश कच्चं आहे, काय करू?" असा मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, कधी लांज्याहून कधी कुडाळहून, आणि मी प्रत्येक वेळी आधी एकच गोष्ट मागते, एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठव, तू आतापर्यंत काय काम केलंयस ते सांग, मराठीतच सांग. तो मेसेज ऐकला की बहुतेक वेळा कळतं की इंग्लिश राहू दे बाजूला, इथे वाक्याचा शेवटच ऐकू येत नाहीये.

हे आपल्याकडे फार होतं आणि आपल्या भाषेत ते फार महागात पडतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "मी टॅली शिकलो", "मी टॅली शिकतोय", "मी टॅली शिकणार होतो", "मी टॅली शिकलो नाही", यात सगळा फरक शेवटच्या एक-दोन शब्दांत आहे आणि नेमके तेच शब्द आपण तोंडातल्या तोंडात गिळतो. समोरच्याला ऐकू येतं "मी टॅली शि..." आणि तो बिचारा अंदाज लावतो. इंग्लिशमध्ये क्रियापद कर्त्याला लागूनच येतं म्हणून शेपटी ऐकू नाही आली तरी निभावतं, मराठीत नाही निभावत.

माझंही हेच झालेलं. पहिल्यांदा आवाजाची टेस्ट द्यायला गेले तेव्हा काचेपलीकडून बाईंनी मला मधेच थांबवलं आणि म्हणाल्या, "शेवटचा शब्द कुठे जातो तुझा?" मला वाटलं माझा हेल त्यांना खटकला, घरी येऊन रडले, आठवडाभर हेल काढून टाकायचा प्रयत्न केला. मग मोबाईलवर स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं, हेल तसा काही वाईट नव्हता, पण प्रत्येक वाक्य उतारावरून गडगडत खाली जात होतं आणि तळाशी पोचेपर्यंत श्वासच उरत नव्हता.

यावर मला जो उपाय सापडला तो आपल्या कोकणातल्या देवळातला आहे. गाऱ्हाणं ऐकलंय ना सगळ्यांनी? गावकर किंवा गुरव उभा राहतो, आधी देवाला नावाने हाक मारतो, मग कोण आलंय ते सांगतो, कशासाठी आलंय ते सांगतो, काय मागायचंय ते मागतो आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळे म्हणतात "व्हय म्हाराजा". नीट लक्ष देऊन ऐका, तो माणूस वाक्य पूर्ण केल्याशिवाय थांबत नाही, कारण वाक्य अर्धं राहिलं तर लोकांना व्हय म्हाराजा कुठे म्हणायचं तेच कळणार नाही. शेवटचा शब्द तो उलट जरा उचलूनच टाकतो.

तर प्रॅक्टिस अशी करायची. घरातल्या कोणालातरी समोर बसवा, आई असेल भाऊ असेल, आणि त्यांना सांगा की माझं वाक्य पूर्ण झालं असं वाटलं की व्हय म्हाराजा म्हण. नाही वाटलं तर गप्प बस. मग तुमचं उत्तर सांगा. पहिल्या दिवशी समोरचा बराच वेळ गप्पच बसतो, खरंच सांगते, कारण आपण "आणि मग ते म्हणजे तसं झालं की मग आम्ही" असं न तुटणारं बोलत असतो. तीन-चार दिवसांत वाक्यं आपोआप लहान होतात, एका श्वासात मावणारी, आणि दोन वाक्यांच्या मधे थांबायची भीती जाते. इंटरव्ह्यूत मनातल्या मनात तो व्हय म्हाराजा ऐकायचा आणि तेवढं थांबायचं. समोरच्याला लिहून घ्यायला वेळ मिळतो, तुम्हाला पुढचं आठवायला.

आता "तुमच्याबद्दल सांगा" या प्रश्नाकडे येते, कारण निम्मे इंटरव्ह्यू इथेच हातचे जातात. देवगडकडच्या एका मुलाची तयारी करून घेत होते, एका प्रोसेसिंग युनिटमध्ये सुपरवायझरची जागा होती. त्याने पाठ केलेलं उत्तर असं: माझं नाव अमुक, राहणार अमुक, शिक्षण बीकॉम, वडील शेतकरी, आई गृहिणी, छंद क्रिकेट खेळणे, मी मेहनती आणि प्रामाणिक आहे. यातलं निम्मं त्यांच्यासमोरच्या कागदावर आहेच आणि मेहनती तर सगळेच असतात. मी त्याला विचारलं, बागेत तू काय करतोस? तर म्हणाला काही नाही ओ, घरचंच काम. मग खोदून खोदून विचारलं तेव्हा निघालं की गेले तीन सीझन फवारणीची वही तोच ठेवतो, तोडीला सात-आठ गडी असतात त्यांची हजेरी आणि मजुरी तोच बघतो, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट आंबा उतरवायचा हे नव्या गड्यांना तोच शिकवतो, साइज लावून पेट्या भरतो आणि वाशीच्या दलालाशी फोनवर तोच बोलतो. हे घरचंच काम? अरे सुपरवायझर म्हणजे दुसरं काय असतं!

मग आम्ही ते असं केलं. "सर, आमची हापूसची बाग आहे. तीन सीझन तोडणी आणि पॅकिंग मी बघतो. सात-आठ माणसं असतात, त्यांची हजेरी माझ्याकडे असते. पहिल्या वर्षी देठाजवळ चीक सांडून बरेच आंबे डागाळले, मग मी तोड देठासकटच घ्यायची असा नियम केला आणि सकाळी ऊन चढायच्या आत काम उरकायला लागलो. पुढच्या वर्षी डागी माल खूप कमी झाला." बघा, यात एकही मोठा शब्द नाही, पण आकडा आहे, अडचण आहे, त्याने काय केलं ते आहे आणि प्रत्येक वाक्य क्रियापदावर ठाम उभं आहे. समोरचा माणूस लगेच पुढचा प्रश्न विचारतो, डाग का पडतो रे, आणि मग ती गजालच होते, म्हणजे गप्पाच, त्यात आपण कोणाला ऐकत नाही.

पाठांतर करू नका हेही इथेच सांगते. आपल्या दशावतारी नाटकात संवादांची लिखित वही नसते. आख्यान माहीत असतं, कोणाच्या मागून कोण येणार ते माहीत असतं आणि बाकीचं नट रंगमंचावर उभं राहून बोलतो, समोरच्याने काय टाकलं त्यावर. तशीच तयारी करायची. पाच-सहा गोष्टी पक्क्या ठेवा, मी केलेलं एक काम, एक चूक आणि ती कशी सुधारली, कोणाबरोबर मिळून केलेलं एक काम, ही नोकरी का हवी, आणि त्यांना विचारायचा एक प्रश्न. शब्द तिथल्या तिथे येऊ देत. पाठ केलेलं उत्तर मधेच अडलं की माणूस पुन्हा माझं नाव अमुकपासून सुरू करतो, मी बघितलंय.

इंग्लिशचं म्हणाल तर, प्रश्न इंग्लिशमध्ये आला की पहिली दोन वाक्यं इंग्लिशमध्येच द्या, लहान लहान, चुकलं तरी पूर्ण करा. त्यानंतर सरळ विचारा, "सर, पुढचं मराठीत सांगितलं तर चालेल का, मला नीट सांगता येईल." बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. यूपीएससीची मुलाखत २७५ मार्कांची असते आणि तीसुद्धा मराठीतून देता येते, मग आपल्या पतपेढीतल्या नाहीतर हॉटेलातल्या नोकरीला कशाला लाजायचं. हां, रिसॉर्टच्या फ्रंट ऑफिसला बसायचं असेल तर गेस्टशी बोलण्यापुरतं इंग्लिश-हिंदी लागणारच, ते शिकून घ्या, त्याला पर्याय नाही. पण "मी तिथे वर्क केलं, टीमला हँडल केलं, इश्यू सॉल्व्ह केले" अशी खिचडी नको. स्टॉक, बिल, सुपरवायझर हे आपलेच झालेले शब्द आहेत, ते खुशाल वापरा, क्रियापद मात्र मराठी ठेवा. आणि "माझी मदत केली" नाही, "मला मदत केली".

मालवणी किंवा इकडच्या बोलीचा हेल घालवायचा का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि माझं उत्तर ठामपणे "नाही" असंच आहे. नोकरीच्या इंटरव्ह्यूत तो राहू दे. माका-तुका तिथे नको, समोरचा मालवणी नसेल तर त्याला कळणार नाही, पण स्वर तुमच्या गावचा असेल तर त्यात कमीपणा कसला. निवेदन किंवा बातम्या वाचायच्या असतील तर मात्र काही उच्चार घासून घ्यावेच लागतात. पाणीचं पानी होत असेल, वेळचा वेल होत असेल, शाळेची साळा होत असेल तर रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा. काळ आणि काल हे दोन वेगळे शब्द आहेत, बातमीत ते बदलले तर अर्थ बदलतो. च आणि ज चंही तसंच, "तो घरी जातो" मधला ज आणि जातीच्या दाखल्यातला ज वेगळा, माझा आणि माझी यातला झ वेगळा, लिहिताना एकच अक्षर असतं म्हणून कानानेच शिकावं लागतं. गावांची नावं तर पाठच हवीत. पोंभुर्ले नीट म्हणता आलं पाहिजे, देवगड तालुक्यातल्या त्या गावात बाळशास्त्री जांभेकर जन्मले आणि ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी दर्पण सुरू केलं, एका बाजूला मराठी एका बाजूला इंग्लिश. पत्रकार दिन आपण त्याच तारखेला करतो. दोन्ही भाषा शेजारी शेजारी होत्या, एकीत दुसरी कालवलेली नव्हती, हे मला फार आवडतं.

आता जे कॅमेरासमोर उभे राहतात त्यांच्यासाठी, कारण हल्ली तालुक्या-तालुक्याला चॅनल झालेत आणि मुलं-मुली हौसेने करतात. टीव्हीवरचं ऐकून ऐकून एक भाषा तयार झालीय, "या ठिकाणी आपण पाहू शकतो की कुठेतरी नागरिकांचं मोठ्या प्रमाणात नुकसान झाल्याचं पाहायला मिळतंय". यात माहिती किती? शून्य. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हाची दृश्यं आठवा आणि आपण बाजारपेठेत उभे आहोत असं समजून बोलून बघा. "माझ्यामागे हे किराणा दुकान आहे. भिंतीवर चिखलाची ही रेघ बघा, माझ्या डोक्याच्या वर आहे, पाणी इथपर्यंत होतं. आत साखरेची पोती होती, आता नुसती रिकामी गोणपाटं उरलीयत." जे दिसतंय ते बोटाने दाखवा आणि साध्या क्रियापदात सांगा. "करण्यात आले", "देण्यात आले" पण नको, कोणी केलं कोणी दिलं ते सांगा, कर्ता लपला की बातमी लपते.

आणि बाईट घेताना, म्हणजे कॅमेऱ्यावर कोणाचं बोलणं घेताना, "तुम्हाला कसं वाटतंय?" विचारू नका, कळकळीने सांगते. ज्याचं घर गेलं त्याला कसं वाटणार? हर्णै बंदरावर लिलावाला गेलात तर मासेवाल्या बाईसमोर माईक एकदम तोंडात घालायचा नाही, आधी टोपलीजवळ बसायचं, "मावशी, आज पापलेट आलंय का, कालच्यापेक्षा भाव काय गेला?" असं विचारायचं. तिला ठाऊक असलेलं विचारलं की ती पाच मिनिटं बोलते, डिझेल कितीला, बर्फ कितीला, १ जूनला मासेमारीबंदी लागली की घर कसं चालवायचं, सगळं येतं. तिच्या बोलीत बोलली तर तसंच ठेवा, खाली अक्षरं टाका. वयाने मोठ्या माणसाला काका, तात्या म्हणा, अहो-जाहो करा, कॅमेरा बंद झाल्यावर पण दोन शब्द बोलून निघा, परत त्याच बंदरावर जायचंय.

माईकचं थोडक्यात. तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरा, म्हणजे प, फ, भ चा फटका बसत नाही. कागद वाचताना पान उलटायचा आवाज येतो, म्हणून सुटी पानं घ्या आणि सरकवा. वाचण्याआधी पेन्सिलने प्रत्येक वाक्याच्या क्रियापदाखाली रेघ मारा, तिथपर्यंत श्वास पुरला पाहिजे, नाही पुरला तर मधे कुठे थांबायचं ते आधीच ठरवा. मी आजही मारते.

ऑनलाइन इंटरव्ह्यू असेल तर आपल्याकडची खरी अडचण रेंज आणि पाऊस. आदल्या दिवशी त्याच वेळेला त्याच जागी बसून कोणालातरी व्हिडिओ कॉल करून बघा, सकाळी रेंज असते म्हणून दुपारी असेलच असं नाही. पत्र्याच्या पडवीत बसू नका, जुलैतली एक सर आली की तुमचा एक शब्द ऐकू जाणार नाही, कौलांखालच्या आतल्या खोलीत बसा, खिडकी तोंडासमोर ठेवा पाठीमागे नको, वायरचा हेडफोन लावा. लाईट जाऊ शकते हे सुरुवातीलाच सांगून ठेवा आणि दुसरा नंबर द्या, त्यात लाजायचं काही नाही, उलट माणूस तयारीचा वाटतो.

शेवटी दोन प्रश्न जे आपल्या पोरांना अडवतात. पगार किती हवा, यावर "तुम्ही द्याल तो" म्हणू नका. आधी चार जणांना विचारून ठेवा आणि आकडा सांगा, "अठरा ते वीस हजारांची अपेक्षा आहे", आणि गप्प बसा. त्यानंतरची शांतता भरून काढायला "पण कमी दिलात तरी चालेल" हे वाक्य तोंडातून गेलं की संपलं. आणि मुंबई-पुण्याच्या ऑफिसात हटकून विचारतात, तुम्ही कोकणातले, मग गणपतीला सुट्टी लागणार? हो म्हणा. "हो सर, गणपतीला पाच दिवस लागतील, तारखा वर्षभर आधी माहीत असतात, त्याआधी माझं काम पूर्ण करून मी जाईन." शेवटच्या "जाईन"वर आवाज पडू देऊ नका.