पळताना पोट दुखतं? आधी नेमकं कुठं दुखतंय ते बघा

"पळताना पोट दुखतं, काय करू?" असं विचारलं की ढीगभर सल्ले मिळतात. रिकाम्या पोटी पळ, पाणी पिऊन घे, सहन कर, सवय होईल... पण नेमकं दुखतं कुठं हे कुणीच विचारत नाही. आणि सगळं तर तिथंच आहे, कारण बरगडीखालची चमक आणि आतड्यातला मुरडा ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

१. आधी ओळखा

एक बोट ठेवून "इथं दुखतंय" असं दाखवता आलं, तेही बरगडीच्या खालच्या कडेला, बहुतेक वेळा उजवीकडं, तर ती चमक. थांबलं की थोड्या वेळात जाते. कधी कधी त्याच बाजूच्या खांद्याच्या टोकावरही दुखतं, तेव्हा लोक खांदा चोळत बसतात. खांद्याला काही झालेलं नसतं, डायफ्रामची (छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा पडदा) नस आणि खांद्याच्या नसा मानेत एकाच भागातून निघतात म्हणून तिथं जाणवतं. (छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असं असेल तर ही चमक समजू नका, थांबा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.)

बेंबीच्या आसपास किंवा खाली पिळवटल्यासारखं होतंय, गुडगुडतंय, संडासची घाई होतेय, तर तो मुरडा.

२. खाणंपिणं

पोटभर जेवण आणि पळणं यात दोन-तीन तास ठेवा. पळायच्या आधी फळांचा ज्यूस आणि गोड कोल्ड्रिंक बंद, चमक आणायला यांच्याइतकं पटाईत दुसरं काही नाही. पाणी घोट घोट प्या, एका दमात बाटली रिकामी करू नका.

३. आलेली चमक पळता पळता घालवणं

इथं मी सगळ्यात जास्त अडकलो होतो, कारण जो तो सांगायचा "मोठा श्वास घे". मोठा श्वास घेतला की डायफ्राम आणखी खाली दाबला जातो आणि कळ अजून जोरात येते. लक्ष श्वास सोडण्यावर हवं.

चमक का येते यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. डायफ्रामला रक्त कमी पडतं असं पूर्वी म्हणायचे, आता पोटाच्या आतल्या बाजूचं जे नाजूक अस्तर असतं त्याला घर्षणानं त्रास होतो या बाजूला बरेच जण आहेत. नुसत्या हिसक्यांनी येते म्हणावं तर पोहणाऱ्यांनाही येते, तिथं कुठले हिसके. आपल्याला वादाशी काम नाही, करायचं ते असं.

वेग कमी करा, इतका की पूर्ण वाक्य न धापता बोलता येईल. मग दुखऱ्या जागी दोन-तीन बोटं बरगडीखाली आत आणि किंचित वर दाबा, कमरेतून जरासं पुढं झुका, आणि ओठांचा चंबू करून फुंकर मारल्यासारखा श्वास सोडा, पोट पूर्ण आत जाईपर्यंत. पुढचा श्वास ओढून घेऊ नका, तो आपोआप येतो. श्वास सोडताना दाब वाढवायचा, घेताना बोटं सैल करायची. बरेच जण सारखं दाबूनच धरतात आणि मग म्हणतात फरक पडत नाही, कसा पडेल?

दुसरी गोष्ट पावलांची. दुखतंय उजवीकडं तर डावा पाय जमिनीवर पडताना श्वास सोडायला सुरुवात करा. याला ठोस शास्त्रीय पुरावा नाही, पण मला उपयोग होतो आणि करून बघायला काही लागत नाही. एरवी पळताना तीन पावलं श्वास घ्यायचा, दोन पावलं सोडायचा असा ताल ठेवला तर सोडायचा पाय आपोआप बदलत राहतो, एकाच बाजूवर भार येत नाही. हा ताल आधी चालताना बसवा, थेट पळताना मोजायला गेलात तर पावलं आणि श्वास दोन्हीचा घोळ होतो.

आणि कळ गेली की लगेच जुना वेग पकडू नका!! दोन-चार मिनिटं हळूच पळा. घाई केली की परत येते, आणि दुसऱ्यांदा आलेली लवकर हटत नाही. एवढं सगळं करूनही जात नसेल तर चाला, त्यात कमीपणा काही नाही.

पाठीत पोक काढून पळणाऱ्यांनी पाठ सरळ ठेवायची सवय लावा, पोक असणाऱ्यांना चमकेचा त्रास जास्त होतो.

४. मुरडा असेल तर

इथं श्वासाच्या युक्त्या चालत नाहीत. जोरात पळताना रक्त पायांकडं वळतं, आतड्यांना कमी पडतं, त्यात वरून हादरे. वेग कमी करा, टॉयलेट शोधा, बस.

खरं काम आदल्या दिवशी. शर्यतीच्या आधी जास्त फायबर, तेलकट, शुगरफ्री च्युइंगगम, आणि पचत नसेल तर दूध, सगळं टाळा. एनर्जी जेल (पळताना ताकदीसाठी घेतात ते साखरेचं घट्ट जेल) साध्या पाण्याबरोबर घ्या, स्पोर्ट्स ड्रिंकबरोबर घेतलं तर साखर दुप्पट होते आणि पोट बिघडतं. आतडं तासाला साधारण ६० ग्रॅम ग्लुकोज शोषतं, त्याहून जास्त कार्ब (साखर-पिष्ट) लागत असतील तर ग्लुकोज-फ्रुक्टोज मिश्रणाचं जेल घ्या. आणि कुठलंही जेल शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा तोंडात घालू नका, लाँग रनमध्ये पोटाला सवय लावा.

"दुखू नये म्हणून" आधीच आयबुप्रोफेन घेणारे बघितले की डोकं फिरतं. पळताना आधीच रक्त कमी पडलेल्या आतड्यांना ती गोळी आणखी इजा करते.

५. डॉक्टरकडं कधी

संडासवाटे रक्त, ताप, सारख्या उलट्या, थांबूनही तासभर न थांबणारं दुखणं, किंवा बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडं खाली सरकलेलं दुखणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवून या, पळणं नंतर बघू.