आज केलं, परवा पडलं: थकव्याची वही

एमई/सीएफएस म्हणजे महिनोन्महिने न हटणाऱ्या थकव्याचा आजार. त्याची गोम अशी की तो वसुली उशिरा करतो. सोमवारी मांडवात चार तास उभं राहिलं, मंगळवार बरा गेला, आणि बुधवारी ताटावर बसायचंही त्राण नाही. श्रमानंतर बहुधा 12 ते 48 तासांनी येणारी, झोपूनही न जाणारी ही घसरण म्हणजे एमई/सीएफएसची मुख्य खूण. लोकांनी तुम्हाला पाहिलेलं असतं ते सोमवारी. म्हणून "अंग चोरते" हा शेरा.

भांडून तो पुसला जात नाही, वहीने थोडाफार पुसला जातो. शंभर पानी पुरे. रोज तीन ओळी: उठताना दहापैकी किती जोर, दिवसातलं सगळ्यात जड काम, आणि संध्याकाळची अवस्था. "घरकाम" असं मोघम नको. "धुणं, उकिडवं, 25 मिनिटं" असं लिहा. पडून काढलेल्या दिवसाला लाल गोल. महिना-दीड महिन्याने प्रत्येक लाल गोलापासून एक-दोन दिवस मागे जा, तेच ते काम पुन्हा सापडेल. ते किती मिनिटं झेपतं ते बघा आणि त्याच्या बरंच अलीकडे थांबा, बरं वाटत असतानाच. चुकतं ते इथेच: चांगला दिवस उजाडला की आठवड्याची तुंबलेली कामं एका दमात उरकली जातात.

मराठवाड्यात ते काम पुष्कळदा पाणी असतं. नळ कितीतरी दिवसांनी येणार, तोही रात्री-अपरात्री, आणि दोन तासांत सगळं भरून घ्यायचं. 15 लिटरचा हंडा म्हणजे भांड्याचं वजन सोडून 15 किलो कडेवर. नळापासून टाकीपर्यंत पाइप टाका, उचलणं दुसऱ्याकडे द्या आणि तुम्ही खुर्चीवर बसून पाइप सांभाळा. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी आणि नंतरचे दोन दिवस जड काम ठेवू नका. 5 लिटरची कळशी घेतली तरी खेपा तिप्पट झाल्या तर काय कमावलं? भाकरी थापताना पीठ, पाणी, टोपलं हाताशी ठेवा. दम जातो तो बसल्या जागेवरून दर वेळी उठण्यात. कडक भाकरी विकत आणली तर त्यात कमीपणा नाही.

उभं राहिल्यावरच गरगरतं का, हेही तपासा. दहा मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, मग भिंतीला टेकून दहा मिनिटं न हलता उभं राहा आणि दर मिनिटाला आकडा लिहा. सोबत कुणीतरी हवंच. डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबा. मोठ्या माणसाची नाडी 30 किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा.

थकवा म्हणजे हाच आजार, असं मात्र धरू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, साखर, बी-12, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आधी बघून घ्या. खोकला, ताप, वजन उतरणं असेल तर टीबीही. "ताकदीची सलाईन" मागू नका. पाच टक्के ग्लुकोजच्या 500 मिलीच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, तेवढी दोन कप गोड चहात जाते. "रोज थोडं थोडं चालणं वाढवा" हा सल्ला मिळाला तर वहीतले लाल गोल पुढे करा. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने 2021 मध्ये या आजारासाठी ठरावीक टप्प्यांनी वाढवायचा व्यायाम देऊ नका, असं म्हटलं आहे.

तपासणीला जाताना घरात ज्याला हा आजार सगळ्यात कमी पटतो ते माणूस सोबत न्या. घरात "मला समजून घ्या" म्हणून काही हलत नाही, नेमकं काम मागा: "आत्याबाई, बुधवारी पाणी येणारंय. हंडे भाऊजींना उचलू द्या, मी पाइपापाशी बसते. नाहीतर शुक्रवारच्या भाकरी तुमच्यावर येतील."

बाहेरच्यांना आजाराचं नाव सांगत बसू नका. आपल्याकडे आजारावर शंका घेतात, पथ्यावर सहसा घेत नाहीत. "जास्त वेळ उभं राहायचं नाही, पथ्य आहे," एवढं म्हणा आणि खुर्ची ओढून घ्या.