एकोणीस माणसं आणि द्राक्षाचा मांडव: नाशिकजवळ उघड्यावरच्या छोट्या लग्नासाठी जागा कशी शोधावी

आमच्या लग्नाला एकोणीस माणसं होती. त्यांतलं सगळ्यात मोठं माणूस म्हणजे माझी आजी. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. हॉल नको, लॉन्स नको, उघड्यावर कुठेतरी जवळच्या माणसांत लग्न करायचं, एवढंच आम्ही दोघांनी ठरवलं होतं. पाच महिने दर रविवारी नाशिकच्या चारही दिशांना गाडी फिरवली, अकरा जागा पाहिल्या. पुढे फोटोग्राफीच्या कामामुळे अशी छोटी लग्नं बरीच जवळून पाहिली. हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी जागेबद्दल विचारायला येतंच, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

पहिली गोष्ट, जागा बघायला निघण्याआधी पाहुण्यांची यादी करा आणि त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला समोर ठेवा. गाडीतून उतरून ते माणूस किती पावलं चालू शकतं? आमच्या आजीची मर्यादा होती ऐंशी पावलं, तीही सपाटीवर, कुणाचा तरी हात धरून. हा आकडा हातात आल्यावर अर्ध्या जागा घरी बसूनच बाद झाल्या. रामशेज किल्ला गेला. माझ्या मनात कित्येक वर्षं असलेली अंजनेरीही गेली. वाईट वाटलं, पण मोठ्या लग्नात एक माणूस मागे राहिलं तर गर्दीत खपून जातं. एकोणीस जणांत आजी खाली गाडीत बसून राहिली असती तर ते लग्न आम्हाला आयुष्यभर टोचलं असतं.

अंजनेरीचं आणखी एक आहे. तो डोंगर राखीव आहे. त्याच्या नावावरून जिचं शास्त्रीय नाव पडलं ती कंदीलपुष्पाची जात जगात फार थोड्या जागी उगवते, आणि पावसाळ्यात पठारावर पाय कुठे पडतो याकडे लक्ष नसेल तर ती सहज तुडवली जाते. वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय विधी, अग्नी, सजावट यातलं काहीही करू नये. कड्याखालच्या जागांना आणखी एक धोका असतो तो आग्यामोहोळाचा. होमाचा धूर, अत्तर, फटाका, एवढंही पुरतं. कड्याला काळी पोळी लटकलेली दिसली की कितीही सुंदर जागा असली तरी परत फिरा. पांडवलेणी हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिथे लग्नाचा विचारही करू नका.

मग गोदाघाट. पहाटेचा घाट मला फार आवडतो. सूर्य वर यायच्या आधी नारोशंकराच्या देवळाकडून खाली उतरलं की पाण्यावर धुकं असतं. घरी बोलले, तर आजी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तिथं तुझ्या आजोबांच्या अस्थी सोडल्यात गं." रामकुंडावर रोज दशक्रिया विधी होतात. आपल्याला जी जागा चित्रासारखी दिसते तिचा घरातल्या दुसऱ्या कुणाला वेगळाच अर्थ असू शकतो. म्हणून जागा नक्की करण्याआधी तिचं नाव घरातल्या चार माणसांसमोर मोठ्याने उच्चारा आणि त्यांचे चेहरे बघा. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ आहे. त्या काळात घाट आणि त्र्यंबक रस्ता आपल्या कामाचे नाहीत, आणि सिंहस्थात लग्न न करणारी घरंही आहेत. तारीख धरण्याआधी तेही विचारून घ्या.

पाण्याकाठच्या जागेचा मोह सगळ्यांनाच होतो. गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर गिरणारे-गंगावऱ्हेच्या बाजूला ऑक्टोबरात उभं राहिलं की वाटतं, बस, हीच जागा. पण धरणाचं पाणी एका जागी राहत नाही. एका जोडप्याने पावसाळा संपताना काढलेले फोटो बघून मार्चची तारीख धरली होती. मी कॅमेरा घेऊन पोचले तेव्हा पाणी हाकेच्या अंतरावर मागे गेलेलं, आणि मध्ये सगळा गाळ. वरून भेगाळलेला, आत ओला. नवरीचा पाय घोट्यापर्यंत रुतला. उघड्या पडलेल्या काही जमिनीत गाळपेरा होतो, म्हणजे तिथे कुणाचं तरी पीक उभं असतं आणि तुम्ही त्यात फुलं टाकत असता. पाण्याखालून वर येणारी जमीन बहुतेक ठिकाणी सरकारी असते. काठावरच्या मळेवाल्याने "करा बिनधास्त" म्हटलं तरी ती द्यायचा अधिकार त्याला नसतो. नदीकाठ हवाच असेल तर पावसाळ्यात टाळा. धरणातून विसर्ग वाढला की गोदावरी काय करते हे गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती दरवर्षी दाखवते; पूर किती हे ती किती बुडाली यावरूनच सांगतात.

नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याबद्दलही मला नेहमी विचारतात. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात लांबून पक्षी येतात आणि त्यांना शांतता लागते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दोघांनीच जा, दुर्बीण घेऊन. लग्न तिथे नको.

आता आम्हाला जागा कशी मिळाली ते. दिंडोरी तालुक्यात द्राक्षाच्या बागा बघत फिरत होतो. आता बऱ्याच बागा वाय पद्धतीच्या आहेत, त्यात वेलींच्या दोन फांद्या वर उघड्या असतात आणि मधून आभाळ दिसतं. पण जुनी मांडव पद्धतीची बाग असेल तर डोक्यावर सलग पानांचं छत असतं, तारांवर पसरलेलं, हात वर केला की घडाला लागेल एवढ्या उंचीवर. शेतकरी त्याला मांडवच म्हणतो. आमच्या लग्नाला वेगळा मांडव घालावाच लागला नाही. अशी बाग सापडायला महिना गेला. रस्त्यापासून मधल्या ओळीपर्यंत मी पावलं मोजली. बासष्ट भरली.

बागेत लग्न करायचं असेल तर तिचं वेळापत्रक समजून घ्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास गोड छाटणी होते. छाटणीनंतर काही आठवडे नुसत्या काड्या असतात, डोक्यावर काही नाही. डिसेंबरात छत भरतं आणि मणी हिरवे, कडक असतात. मण्यात पाणी उतरायला, म्हणजे ते पिकायला लागलं की शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो, आणि मालावर हात फिरला तर वरची पांढरट भुकटी पुसली जाते आणि भाव पडतो. म्हणून आम्ही डिसेंबरचा तिसरा आठवडा धरला आणि सगळ्यांना बजावून ठेवलं, घडाला हात लावायचा नाही. फवारणीचं वेळापत्रक मालकांना विचारा आणि फवारणीनंतर किती दिवसांनी माणसं आणलेली चालतील तेही त्यांनाच ठरवू द्या. भुरी रोगासाठी गंधक मारलेलं असेल तर वास येतो, डोळे चुरचुरतात. दोन दिवस आधी ठिबक बंद ठेवायला सांगा, नाहीतर ओळीत चिखल होतो, आणि नळ्या बाजूला सारून घ्या, साडी नेसलेली माणसं त्यात अडकतात. खांबांना कुणीही टेकू नका. बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा, निळसर थर खांबावर सुकून बसलेला असतो. माझ्या बहिणीच्या मोतिया रंगाच्या पैठणीवर खांद्यापासून कमरेपर्यंत त्याचा पट्टा उमटला आणि तो अजून गेलेला नाही.

जागा आवडली की परत जा, लग्नाच्या वेळेलाच. डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, पण पश्चिमेला डोंगर असेल तर ऊन त्याच्या बरंच आधी जातं. शिवाय ऑक्टोबरात सूर्य जिथे मावळताना पाहिला, त्याच्या बराच डावीकडे, दक्षिणेला तो डिसेंबरात मावळतो. तेवढ्यात एखादं झाड किंवा शेजारचं घर आड येऊ शकतं. ऊन गेलं की थंडी लगेच झोंबते. निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतोच. म्हाताऱ्या माणसांसाठी शाली आणि कानटोप्या गाडीत ठेवा. आम्ही चार वाजताची वेळ धरली आणि साडेपाचला सगळं आटोपलं.

तिथे गेल्यावर कान उघडे ठेवा. मी नवऱ्याला ओळीच्या एका टोकाला उभं केलं, स्वतः वीस पावलांवर खुर्ची टाकून बसले, डाव्या कानावर हात ठेवून, म्हणजे आजीला जेवढं ऐकू येईल साधारण तेवढंच मला यावं. तो नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचत होता. आधीच्या एका सुंदर टेकाडावर वाऱ्याने एक शब्द पोचला नव्हता. इथे बागेला तिन्ही बाजूंनी शेडनेटचा आडोसा होता, वर पानं होती, त्यामुळे वाक्यन्‌वाक्य कळलं. माईक लावायची वेळ आली तर समजा जागा चुकली. शेजारच्या विहिरीवरची मोटर, पलीकडच्या बागेतला फवारणीचा ब्लोअर, देवळावरचा भोंगा, यांच्या वेळाही विचारून ठेवा. ड्रोनचा नाद सोडा. देवळालीची लष्करी छावणी, ओझरचा विमानतळ, नाशिकरोडची नोटांची प्रेस, यांच्या आसपास कडक निर्बंध आहेत, आणि ते घोंघावायला लागलं की मंगलाष्टकं ऐकू येत नाहीत.

मालकाशी पैशाचं स्पष्ट बोला आणि एका कागदावर लिहा: तारीख, वेळ, माणसं किती, संडास-बाथरूम कुणाचं वापरणार, नुकसान झालं तर काय. सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते विचारायला लाजू नका. एका लग्नात ऐन मुहूर्ताला मालकांचे चुलतभाऊ हजर झाले, "आम्हाला कुणी विचारलं?" म्हणत. नवरीच्या वडिलांना तिथे हात जोडून उभं राहावं लागलं, तो फोटो मी काढला नाही. गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घातलेलंही बरं.

कायद्याची बाजू जागेइतकीच आधी बघावी लागते. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचं तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य हवं, नोटीस द्यावी लागते, ती तीस दिवस लागते, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. तीन साक्षीदार लागतात. वेगळी फी भरून विवाह अधिकाऱ्याला वाजवी अंतरावरच्या जागी बोलावण्याची तरतूद त्यात आहे, पण तारीख त्यांच्या सोयीने मिळते. आम्ही सकाळी कार्यालयात सह्या केल्या आणि दुपारी बागेत गेलो. हिंदू विवाह कायद्याखाली करणार असाल तर विधी खरोखर व्हायला हवेत. विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पळून जाऊन लग्न म्हटलं की आपल्याकडे आळंदी आठवते. तुमच्यावर खरंच तशी वेळ आली असेल, घरून जातीवरून किंवा धर्मावरून धमक्या येत असतील, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. निर्जन जागा तुमच्यासाठी नाही. कार्यालयात, दिवसाढवळ्या, विश्वासाच्या माणसांसोबत लग्न करा आणि आधी पोलिसांकडे लेखी अर्ज द्या. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात नातलगांना किंवा पंचायतीला आड येता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्यात सांगितलं आहे आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणाची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. बाग पुढच्या वर्षीही असेल.

त्या दिवशी अंतरपाटाचं एक टोक आजीच्या हातात होतं आणि दुसरं बागमालकांच्या. आजी खुर्चीवर बसलेली, म्हणून अंतरपाट एका बाजूला खाली झुकला होता आणि तिथून मला नवऱ्याचे जोडे दिसत होते, मातीने भरलेले. मावशीने मंगलाष्टकं म्हटली. अक्षता मोजक्याच वाटल्या होत्या. आजी प्रत्येक कडव्यानंतर दोन दाणे टाकायची आणि बाकीचे मुठीत जपून ठेवायची. आम्ही एकमेकांना लिहून आणलेलं वाचलं तेव्हा तिने उजवा कान आमच्याकडे केला होता. काकूंनी चुलीवर भाकरी आणि भरीत केलं, ओट्यावर पंगत बसली.

अंधार पडायच्या आत निघा. दिंडोरी-निफाडकडे उसाच्या आडोशाला बिबटे असतात, पोरांना एकटं सोडू नका. निघण्याआधी झेंडूच्या माळांचे दोरे, टाचण्या, पाण्याच्या बाटल्या सगळं पोत्यात भरून सोबत आणा. टाचणी मातीत राहिली तर उद्या बागेत काम करणाऱ्या बाईच्या पायात जाते. फेब्रुवारीत तोडणी लागली तेव्हा मालकांनी एक क्रेट घरी पाठवलं. आजीने पहिला घड देवापुढे ठेवला आणि मला फोन करून विचारलं, आपण बसलो होतो त्याच ओळीतला आहे का?