लहान मूल घेऊन जर्मनीला राहायला जाताना: आधी मुलाची तयारी, मग बॅगा

सुट्टीत कोल्हापूरला आले की ओळखीतल्या एखाद्या घरातून हमखास बोलावणं येतं. घरात कुणाला तरी जर्मनीत नोकरी लागलेली असते, दोन-तीन वर्षांचं मूल असतं, आणि चहा संपायच्या आत पहिला प्रश्न येतो, "बॅगेत काय काय भरायचं?" मी उलट विचारते, "बाळ आपल्या हातानं जेवतं का?"

आम्ही गेलो तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. आमचे कागद दोन महिन्यांत मार्गी लागले, पण तिला ते घर आपलं वाटायला जवळपास वर्ष गेलं. त्यातला बराच त्रास आम्ही कामांचा क्रम चुकवल्यामुळे तिला झाला. तुमच्या लेकराला तो होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

कोल्हापुरात असतानाच: कागद

पहिला कागद म्हणजे मुलाचा जन्मदाखला. अनेक दाखल्यांवर मुलाचं नावच नसतं, कारण बारशाच्या आधीच नोंद झालेली असते. नाव जन्मानंतर वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. दाखला हातात आला की आईबाबांचे पासपोर्ट शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. आमच्या दाखल्यात माझ्या नावातलं एक इंग्रजी अक्षर जास्त होतं. ते दुरुस्त होईपर्यंत सहा आठवडे गेले, आणि तेवढे दिवस मुलगी बाबापासून लांब राहिली.

मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो. आधीच काढून ठेवला असेल तर किती मुदत उरली आहे ते बघा, कारण तिथला राहण्याचा परवाना पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही. तिथं गेल्यावर नूतनीकरण बर्लिनच्या दूतावासात किंवा फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासांत होतं.

"सगळ्या कागदांना अपोस्टिल करून देतो" असं सांगणारे एजंट भेटतील. अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून एका आंतरराष्ट्रीय करारानुसार मारलेला शिक्का. भारत 2005 साली त्या करारात आला हे खरं, पण जर्मनीनं भारताच्या बाबतीत आक्षेप घेतल्यामुळे या दोन देशांत अपोस्टिल चालत नाही. मुंबईच्या जर्मन वकिलातीची कागदांची यादी काढा आणि त्यात लिहिलं आहे तेवढंच करा. बाबा आधी गेला असेल आणि आई एकटी मुलाला घेऊन निघणार असेल, तर बाबाचं नोटरी केलेलं संमतीपत्र पर्समध्ये असू द्या.

लसीच्या कार्डाकडे आपण फार सहज बघतो, तिथं मात्र त्यावाचून मुलाचा दरवाजा उघडत नाही. जर्मनीत 1 मार्च 2020 पासून गोवर संरक्षणाचा कायदा आहे. बालवाडीत घ्यायचं तर वर्षाच्या पुढच्या मुलाला गोवरच्या लसीचा एक डोस आणि दोन वर्षांच्या पुढे दोन डोस झाल्याचा पुरावा लागतो. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात एमआर देतात, खासगी डॉक्टर बहुधा एमएमआर. दोन्हींत गोवर आहे. तारखा वाचता येतील अशा लिहून, डॉक्टरांचा शिक्का मारून घ्या. बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लसीची, नोंदही दाखवा. तिथं 1998 पासून सरसकट बीसीजी देत नाहीत, त्यामुळे दंडावरचा वण बघून डॉक्टर विचारतातच.

निघण्याआधीचे दोन महिने मुलाचे

हेच आम्ही केलं नाही. घर आवरणं, गाडी विकणं, पाहुण्यांची जेवणं यातच दिवस गेले. मुलीला आजी भरवायची, आजोबा बूट घालायचे, आणि शू लागली की ती नुसती आजीकडे बघायची, आजीला कळायचं. जर्मन बालवाडीत, म्हणजे किटात, नुसतं बघून कुणाला काही कळत नाही. दोन-अडीच वर्षांची मुलंही तिथं आपल्या हातानं जेवतात, आपले बूट आपण चढवतात.

म्हणून रोज एक जेवण मुलाला स्वतःच्या हातानं जेवू द्या. सांडलं तर सांडू दे, आजीला तेवढं समजावून सांगा. बूट, टोपी, जर्किन स्वतः घालायची सवय लावा. शू-शीला एक ठरलेला शब्द ठेवा, पुढे किटातल्या ताईंनाही तोच शिकवता येतो. तिथल्या संडासात पाणी नसतं, कागद असतो. याची कल्पना मुलाला इथंच द्या, नाहीतर ते दिवसभर धरून बसतं. माझी मुलगी पहिल्या आठवड्यात तशी बसली होती.

दुधाचंही तेच. आमच्या घरी म्हशीचं दूध, आणि आजोबा तिला कधी कधी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर न्यायचे. जर्मनीत मिळालं फ्रिजमधलं पातळ गायीचं दूध. तिनं दीड महिना दुधाला तोंड लावलं नाही. निघण्याआधी महिनाभर गायीच्या दुधावर आणलं असतं, तर तेवढा एक बदल तरी कमी झाला असता.

मोठ्यांनी या काळात थोडं जर्मन शिकावं. शिवाजी विद्यापीठात ती भाषा शिकता येते. ब्ल्यू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर, जाणाऱ्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची अट नाही, तरी शिका. मूल पडलं तर ताई फोनवर काय सांगते आहे, ते समजायला हवं.

बॅग

तूप, पेढे, खवा, चीज नेता येत नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. बाळाच्या दुधाची पावडर आणि बाळान्न यांना सूट आहे: बंद पाकिटातलं, फ्रिजची गरज नसलेलं, माणशी दोन किलोपर्यंत. कढीपत्ताही नेऊ नका. डंकावर कुटून आणलेली आपली चटणी मात्र खुशाल न्या. दोन पिशव्यांत घट्ट बांधा, नाहीतर मुलाच्या कपड्यांना महिनाभर वास राहतो. मुलाची झोपायची गोधडी हातातल्या बॅगेत ठेवा. ती सामानात टाकू नका.

थंडीचे कपडे इथून घेऊ नका. तिथल्या थंडीचे आणि चिखलाचे कपडे तिथंच चांगले मिळतात, वापरलेले तर फारच स्वस्त.

पोचल्यावर पहिले पंधरा दिवस

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची. तिला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, आणि नोंद मुलाचीही होते. त्याच दिवशी पत्रपेटीवर आडनाव लावा. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण तिथं सगळं टपालानं येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. कराचा क्रमांक, विम्याचं कार्ड, सगळंच. कराचा क्रमांक मुलालाही मिळतो. तो जपून ठेवा, कारण किंडरगेल्ड या बालभत्त्याच्या अर्जावर तो लागतो. भत्ता 2025 साली प्रत्येक मुलामागे महिना 255 युरो होता. ब्ल्यू कार्डवर असणाऱ्यांना तो मिळतो. अर्ज उशिरा केला तर मागचे सहा महिनेच धरतात.

कमावणारा सरकारी आरोग्य विम्यात असेल, तर न कमावणारा जोडीदार आणि मूल त्याच विम्यात जास्तीचा हप्ता न भरता बसतात. मूल ठणठणीत असतानाच बालरोगतज्ज्ञ शोधा. बरेच दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत. पहिल्या भेटीतच ड जीवनसत्त्वाचं विचारा, कारण हिवाळ्यात आठला उजाडतं आणि साडेचारला अंधार पडतो. रात्री-अपरात्री साध्या आजाराला 116117, जिवावर बेतलं तर 112.

आणखी दोन नियम. गाडीत मूल बारा वर्षांचं किंवा 150 सेंटीमीटर उंच होईपर्यंत बालआसन सक्तीचं आहे. स्कूटरवर पुढे उभं राहून रंकाळ्याला जायची सवय असलेल्या मुलाला पट्टा लावून घ्यायला वेळ लागतो, तरी सूट देऊ नका. आणि मुलावर हात उगारू नका. 2000 सालापासून तिथं मुलाला मारहाणीशिवाय वाढण्याचा कायदेशीर हक्क आहे. चापट हीसुद्धा मारहाणच.

किटा

1 ऑगस्ट 2013 पासून वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला बालसंगोपनाच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण प्रत्यक्षात जागा कमी पडतात. शहर ठरलं की कोल्हापुरातूनच अर्ज करायला लागा. एकाच ठिकाणी थांबू नका, दहा ठिकाणी नाव घाला. फी शहरागणिक बदलते.

जागा मिळाली की आइनगेव्योनुंग सुरू होतं, म्हणजे मुलाला रुळवणं. पहिले काही दिवस आई किंवा बाबा वर्गात एका खुर्चीवर बसून राहतात. मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, मग जेवणापर्यंत. दोन-चार आठवडे यात सहज जातात. आपल्या बालवाडीसारखं रडत्या पोराला दारात सोडून निघून यायचं नसतं. या आठवड्यांत दोघांपैकी एकानं दुसरं काहीच अंगावर घेऊ नये. मी भाषेचा वर्ग त्याच सोमवारी सुरू केला, आणि ताईंनी सांगितलेलं "आज अजून थोडं थांबा" मला ऐकता आलं नाही. मुलगी पुन्हा पहिल्या दिवसावर गेली. मी वर्ग सोडला आणि नव्यानं खुर्चीवर जाऊन बसले.

तिथं प्रत्येक मुलाला कपडे अडकवायला एक खुंटी असते आणि तिच्यावर एक चित्र. आमच्या वाट्याला गोगलगाय आली. खाली नावाच्या पट्टीवर मुलीचं नाव आणि त्याला जोडून तिच्या बाबाचं नाव. पासपोर्टवर दोन्ही एकाच रकान्यात असल्यामुळे सगळे तिला त्या जोडनावानं हाक मारायचे आणि ती ओ द्यायची नाही. हाक कशी मारायची, ते पहिल्याच दिवशी सांगून टाका.

मूल तिथं कदाचित कित्येक महिने एक शब्दही बोलणार नाही. घाबरू नका, ते ऐकत असतं. आणि या काळात घरी जर्मन बोलू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या तोडक्यामोडक्या जर्मनमधून त्याला भाषाही मिळत नाही आणि मायाही नीट पोचत नाही. जर्मन त्याला किटात मिळेल. मराठी फक्त तुमच्याकडून मिळणार आहे. "पोरी, हिकडं ये, काय झालं?" असं आजी विचारायची तसंच विचारा.

आजीचा फोन

रोज एक गोष्ट ठरल्या वेळी झाली की मूल सावरतं. आमच्याकडे तो आजीचा फोन होता. किटातून घरी आल्यावर चारला, म्हणजे उन्हाळ्यात कोल्हापुरात साडेसात. देव्हाऱ्यात दिवा लागलेला असतो, तो आधी दाखवायचा, मग गप्पा. पाचव्या महिन्यात एकदा मी फोन खुंटीपुढे धरला आणि मुलीनं आजीला गोगलगायीचं जर्मन नाव तीनदा म्हणायला लावलं. ते मी तिच्या तोंडून ऐकलेलं पहिलं जर्मन.

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात, हिवाळ्यात साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. आजीला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर ती तासभर फोन हातात धरून बसून राहते.