बॉक्सिंगचे ग्लव्हज धुवू नयेत, वाळवावेत

बॉक्सिंगच्या ग्लव्हजना येणारा वास नुसत्या घामाचा नसतो. घामाने ओल्या राहिलेल्या अस्तरात जे जीवाणू वाढतात, त्यांचा तो असतो. बडोद्यात वैशाखात हे फारसे जाणवत नाही, कारण खुर्चीवर टाकलेले ग्लव्हजही सकाळपर्यंत आपोआप सुकतात. खरी परीक्षा आषाढ लागल्यावर सुरू होते.

स्वच्छतेचे काम पाच मिनिटांचे आहे. घरी आल्याबरोबर ग्लव्हज पिशवीतून काढून मनगटाची पट्टी पूर्ण उघडावी आणि बाहेरची बाजू ओलसर कापडाने पुसावी. आठवड्यातून एकदा पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, त्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके आत बोटांच्या टोकापर्यंत फिरवावे. वेल्क्रोत अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने निघतात. ग्लव्हजच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्ट्या मात्र प्रत्येक सरावानंतर धुवाव्यात, कारण बराचसा घाम त्याच शोषून घेतात.

यानंतरचा टप्पा वाळवण्याचा, आणि त्यातच मी पहिला जोड गमावला. कुणीतरी सांगितले म्हणून मी ग्लव्हज साबणाच्या पाण्यात बुडवून, खळबळून, अगाशीवर दोरीला टांगले. दुसऱ्या दिवशी ते बाहेरून कोरडे ठणठणीत लागले. चौथ्या दिवशी हात घालून मूठ आवळली, तेव्हा पॅडिंगमधून गार पाणी नखांपाशी आले, आणि आठवड्याभरात अंगठ्याच्या कप्प्यात काळे ठिपके उमटले. पॅडिंगचा फोम स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो, वरचे चामडे किंवा रेक्झिन ते सहजी बाहेर सोडत नाही, त्यामुळे ओलीला मनगटाच्या तोंडाशिवाय दुसरी वाट उरत नाही.

म्हणून ग्लव्हज आतून बाहेर वाळवावेत. वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाचा सैल बोळा करून तो बोटांच्या अगदी टोकापर्यंत सरकवावा आणि अंगठ्याच्या कप्प्यात कागदाची वेगळी बारीक सुरळी घालावी. हा कप्पा विसरणारेच पुढे वासाची तक्रार करतात. अर्ध्या तासाने बोळा काढला, तर तो हवा लागलेल्या खाखऱ्यासारखा मऊ पडलेला असतो. तो टाकून नवा घालावा, आणि कागद कुरकुरीत बाहेर येईपर्यंत हेच करावे. कागद रात्रभर आत ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो चुकीचा आहे, कारण भिजलेला कागद शोषलेली ओल आतच धरून बसतो. झोपण्यापूर्वी कागद पूर्ण काढून, जुन्या लग्नपत्रिकेची आखूड नळी मनगटाच्या तोंडात बसवावी, म्हणजे ते मिटत नाही, आणि ग्लव्हज टेबलफॅनसमोर तोंड करून ठेवावेत.

हेअर ड्रायर, इस्त्रीची ऊब आणि कडक ऊन यांच्या वाटेला जाऊ नये; उष्णतेने फोम कडक होतो, चिकटवलेले थर सुटतात आणि चामड्याला भेगा पडतात. फ्रीझरमध्ये जीवाणू मरत नाहीत, नुसते थंडावतात. खाण्याचा सोडा आणि टाल्कम पावडर यांचा घामाशी मिळून चिखल होतो. डांबराच्या गोळ्या तर घालूच नयेत, कारण त्यांची वाफ विषारी असते आणि त्या अस्तरात आपला घामेजलेला हात तासभर कोंडलेला असतो. मी हे सर्व उपाय करून पाहिलेले नाहीत, पण निम्मे पाहिले आहेत आणि तेवढे पुरेसे आहेत.

अस्सल चामड्याला दोन-तीन महिन्यांतून एकदा नखाएवढे लेदर कंडिशनर पुरते. खोबरेल तेल लावू नये, त्याने डाग पडतात आणि धूळ चिकटते. रेक्झिनला यातले काहीच लागत नाही.

दुसऱ्या कुणी वापरून दिलेल्या किंवा जुन्या ग्लव्हजवर हे श्रम घेण्याआधी मुठीच्या हाडांवरचा भाग अंगठ्याने दाबून पाहावा. खड्डा पडून तसाच राहत असेल किंवा आत बुरशी दिसत असेल, तर ते टाकून द्यावेत. रोज सराव असणाऱ्याने पावसाळ्यापुरता तरी दुसरा जोड ठेवावा, कारण श्रावणात चोवीस तासांत एक जोड पुरता वाळत नाही.