मणक्याच्या ऑपरेशननंतर हाड पुन्हा वाढू नये म्हणून

आधी डिस्चार्ज कार्ड काढून ऑपरेशनचं नाव बघा. नसेवरचा दाब नुसता मोकळा केला, की स्क्रू-रॉड टाकून मणके जोडले, म्हणजे फ्युजन केलं? पथ्य त्यावर ठरतं. एकाला जे तारतं, तेच दुसऱ्याला नडतं.

मुख्य घोळ गोळ्यांचा होतो. कृत्रिम चकती बसवल्यावर किंवा मानेच्या पुढचं वाढीव हाड तासल्यावर काही सर्जन इंडोमेथॅसिनसारखी गोळी थोडे दिवस देतात. ती नवं हाड धरू देत नाही. फ्युजनमध्ये मात्र हाड धरायलाच हवं. तिथे मेडिकलमधून त्याच जातीची डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी आणून मनानेच खात राहिलात तर जोड कच्चा राहू शकतो. कच्चा जोड हलतो, आणि जिथे मणका जास्त हलतो तिथेच शरीर आधाराला हाडाची टोकं काढतं. किडनीचा त्रास, अल्सर किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कुठल्याही ऑपरेशननंतर ही औषधं विचारल्याशिवाय नकोत.

तंबाखू, विडी, मिश्री बंद. ‘मिश्री फक्त दाताला लावते’ हे चालत नाही, निकोटिन हिरडीतूनही रक्तात जातं आणि हाडाचा जोड धरायला अडथळा करतं.

दूध, नाचणी, कॅल्शियम मात्र सोडू नका. त्याने टोकं वाढत नाहीत. उलट हाड ठिसूळ असेल तर स्क्रू ढिले पडतात.

साधारण पहिले सहा आठवडे वाकणं, पिळवटणं, वजन उचलणं टाळा. भरलेली बादली पंधरा किलोच्या घरात जाते. अंथरुणातून उठताना आधी गुडघे दुमडा, खांदे आणि कंबर एकदमच कुशीवर वळवा, पाय खाली सोडा आणि हातांनी रेटा देऊन बसा. चालणं मात्र रोज हवं: दहा मिनिटांपासून सुरुवात, दिवसातून तीनचारदा. पाठ-पोटाचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट सांगेल तेव्हाच.

मणक्यांच्या पुढून मेणासारखं ओघळलेलं हाड, म्हणजे ‘डिश’ हा आजार असेल, तर काढलेलं हाड काही वर्षांनी परत येऊ शकतं. मधुमेह आणि लठ्ठपणा त्याच्या सोबतीला असतात, म्हणून साखर आणि वजन आटोक्यात ठेवा. ते वाढ थांबवतीलच अशी हमी कोणी देणार नाही. मानेतलं हाड वाढून अन्ननलिकेवर दाबतं, म्हणून घास अडकायला लागला तर वाट न बघता एक्स-रे काढा.

लघवी अडली, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, थेट इमर्जन्सी गाठा.