निऑन गुलाबी मळका छापला गेला तेव्हा

तरुणांसाठीच्या संगीत मासिकाचं मुखपृष्ठ मी पडद्यावर झगझगीत निऑन गुलाबीत रंगवलं. प्रूफ (छपाईआधीचा नमुना) आलं, तर गुलाबी पार मळलेला! चूक माझीच. फाइल आरजीबीत होती, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशात; छपाई सीएमवायकेत, म्हणजे निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईत. त्या ४ शाईंत तो झगमगाट उतरतच नाही. शेवटी पॅन्टोन ८०६ ही तयार निऑन गुलाबी, पाचवी शाई घेतली. खर्च वाढला, म्हणून आतली बरीच पानं कृष्णधवल केली. (तीच जास्त देखणी दिसली, हे वेगळं.)

मग मुखपृष्ठावरचे मथळे ९ वरून ३ वर आणले, गायिकेचा चेहरा मोठा केला. ओळींतलं अंतरही वाढवावं लागलं. वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांत अडकत होते. इंग्रजी टेम्प्लेट तसंच उचललं की हे होतंच.